रस्त्यात थांबलेल्या ताईंचे आभार

नेहमीचा रस्ता खोदकामामुळे बंद होता. आमच्या स्मृती-उपचार केंद्रात येणारे आजोबा शेजारच्या गल्लीतून निघाले आणि चुकले. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये सवयीची वाट बरेचदा जमते. वळसा घ्यायला मात्र डोक्यातला नकाशा लागतो, आणि तो सांभाळणारे मेंदूचे भाग, एन्टोरायनल कॉर्टेक्स व हिप्पोकॅम्पस, आधीच झिजू लागलेले असतात.

ताई, तुम्ही ‘सरळ जाऊन दुसरं डावं वळण’ असं सांगून मोकळ्या झाला नाहीत, हे फार बरं केलंत. समोर येऊन एका वेळी एकच प्रश्न विचारलात, उत्तराची वाट पाहिलीत, खिशातल्या कार्डावरून घरी फोन लावलात. लेक येईपर्यंत त्यांच्यासोबत तिथेच थांबलात, गर्दी जमू दिली नाहीत. पिशवीसुद्धा त्यांच्याच हातात राहू दिलीत! नाव न सांगताच गेलात, म्हणून इथे मनापासून आभार.