क्षयजंतूंचे जनुक वाचणारी माणसे कोठे आहेत?

संपादक महोदय,

औषधप्रतिरोधी क्षयरोगाच्या बातम्यांत जनुकीय क्रमनिर्धारणाच्या, म्हणजे डीएनएची अक्षरे ओळीने वाचणाऱ्या, यंत्रांचा उल्लेख आता वरचेवर येतो. मात्र यंत्रातून निघालेला मजकूर वाचणार कोण, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. इतर अनेक जिवाणू प्रतिरोधाची जनुके एकमेकांकडून उसनी घेतात. क्षयाच्या जंतूचा प्रतिरोध मात्र त्याच्या स्वतःच्या सुमारे ४४ लाख अक्षरांच्या डीएनएत होणाऱ्या उत्परिवर्तनांतून येतो. 'आरपीओबी' जनुकाच्या ४५० व्या त्रिकात (तीन अक्षरांच्या गटात) 'टीसीजी'चे 'टीटीजी' झाले, म्हणजे एक अक्षर बदलले, तरी रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे प्रमुख औषध निकामी ठरते.

आपल्याकडची सीबीनॅट ही जलद जनुकीय चाचणी याच जनुकातील ८१ अक्षरांचा पट्टा तपासते. बहुतेक रुग्णांत तेवढे पुरते, पण आफ्रिकेतील इस्वातिनी देशात त्या पट्ट्याबाहेरच्या, ४९१ व्या त्रिकातील बदलामुळे प्रतिरोधी झालेले जंतू या चाचणीतून निसटत असल्याचे आढळले. संपूर्ण जनुकसंच वाचला तर असे बदल दिसतात. टीबी-प्रोफायलर, मायक्रोब यांसारखी मोफत सॉफ्टवेअर नमुन्यातील डीएनएचे तुकडे 'एच३७आरव्ही' या, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रमाण क्रमाशी ताडून पाहतात आणि आढळलेल्या फरकांवरून कोणते औषध चालणार नाही याचा अंदाज देतात.

पण खरी अडचण बेडाक्विलिनसारख्या नव्या औषधाबाबत येते. त्याच्या प्रतिरोधाशी निगडित 'आरव्ही०६७८' जनुकात बदल एका ठिकाणी न होता सर्वत्र विखुरलेले असतात, आणि त्यांतील अनेकांपुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्परिवर्तनांच्या सूचीतही 'अर्थ अनिश्चित' असाच शेरा आहे. हे जनुक पेशीतून औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाला लगाम घालते. ते बिघडले की पंप मोकाट सुटतो. परंतु पंपाचे 'एमएमपीएल५' हे जनुकच निकामी झालेले असेल, तर तोच बदल निरुपद्रवी ठरतो. अशी दोन जनुके एकत्र वाचणे, नमुन्यात संवेदनशील व प्रतिरोधी जंतूंची सरमिसळ आहे का हे ओळखणे आणि शंका असेल तेथे संवर्धनावर आधारित (जंतू वाढवून त्यांवर औषध तपासणारी) संवेदनशीलता चाचणी मागवणे, यासाठी सूक्ष्मजीवशास्त्र आणि संगणक या दोहोंची जाण असलेला माणूस लागतो. सॉफ्टवेअरने छापलेला 'प्रतिरोधी' हा शब्द रुग्णाच्या कागदावर जसाच्या तसा उतरवणे हे निदान नव्हे.

असा माणूस घडवणे फार खर्चिकही नाही. मायक्रोबसारखे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालते आणि क्षयजंतूंचे हजारो क्रम आंतरराष्ट्रीय सार्वजनिक संग्रहांतून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यात जिवंत जंतू हाताळण्याचा धोकाही नाही. राज्यातील विद्यापीठांनी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमात हे प्रात्यक्षिक सक्तीचे करावे, आणि क्षयरोग प्रयोगशाळांसाठी यंत्रांची खरेदी मंजूर करताना आरोग्य विभागाने विश्लेषकाचे किमान एक कायम पद त्याच आदेशात मंजूर करावे.

– सूक्ष्मजीवशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, सोलापूर