बाळंतिणीच्या केसपेपरवर नवऱ्याचाही रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाळंतपणानंतरच्या नैराश्याविषयी वर्तमानपत्रांतून अलीकडे बरेच लिहिले जाते. आईने कोणती लक्षणे ओळखावीत, केव्हा डॉक्टरांकडे जावे, याची चांगली माहिती त्यात असते. नवरा मात्र ‘घरच्यांनी समजून घ्यावे’ एवढ्या अर्ध्या वाक्यात उरकलेला असतो. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून आधी प्रसूती कक्षात आणि नंतर मनोविकार विभागात मिळून ३१ वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्या स्त्रीला आधीपासून मानसिक आजार आहे तिचे आईपण निभावेल की नाही, हे बरेचदा तिच्या आजारापेक्षा नवऱ्याच्या वागण्यावर ठरते.

याची सुरुवात लग्न ठरतानाच होते. मुलीला गोळ्या चालू आहेत हे सासरी सांगितले जात नाही, आणि सांगितले तर लग्न मोडते हा अनुभवही खोटा नाही. मग टिकल्यांच्या डबीत लपवलेल्या गोळ्या न्हाणीघरात चोरून घ्यायच्या, पुढे त्या चुकवायच्या आणि दिवस गेल्याचे कळताच घाबरून एकदम बंद करायच्या, असा क्रम मी अनेक जणींचा पाहिला आहे. बायपोलर (कधी खोल उदासी, तर कधी अति उत्साह) किंवा स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रमाचा आजार) रुग्णाने औषध असे अचानक तोडले की आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. दुसरीकडे, बायपोलरवर दिल्या जाणाऱ्या सोडियम व्हॅल्प्रोएटसारख्या औषधामुळे गर्भाच्या मेंदूत व मणक्यात दोष राहू शकतो, म्हणून ते दिवस राहण्याआधीच डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलून घ्यावे लागते. हे नियोजन दोघांनी मिळून करायचे आहे. ज्या नवऱ्याला आजारच ठाऊक नाही, तो ते काय करणार?

त्यानंतरचा कसोटीचा काळ म्हणजे बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे. एरवी हजार बाळंतिणींमागे एखाद-दुसरीला होणारा तीव्र मनोविकार बायपोलर असलेल्या स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो, आणि तो बहुधा याच दिवसांत सुरू होतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. नवरा बारशाला येतो, पाटावर बसतो, आहेर घेतो आणि परत जातो. धोक्याचे दिवस नेमके त्याच्या गैरहजेरीत सरतात.

याला अपवाद ठरलेला एक माणूस मला विसरता येत नाही. तो एमआयडीसीत कंत्राटी कामगार होता. पहिल्या खेपेला त्याच्या बायकोला आमच्या विभागात सहा आठवडे राहावे लागले होते. दुसऱ्या बाळंतपणात तो लोकलाज बाजूला ठेवून पंधरा दिवस सासुरवाडीलाच मुक्कामाला राहिला. नवव्या दिवशी सकाळी तो तिला घेऊन ओपीडीत आला, तेव्हा रेशनकार्डाच्या पिशवीतून त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान काढले. दुधाचा हिशोब मांडतात तशा तारखांच्या चौकटीत आकडे होते: ५, ५, ४, ४, ३, २. ते तिच्या झोपेचे तास होते. घरातली सगळी मंडळी तोवर ‘काय तरतरीत आहे बाळंतीण, आल्यागेल्याचे सगळे बघते’ म्हणून तिचे कौतुक करत होती. ती तरतरी हीच आजाराची पहिली खूण आहे हे त्याने ओळखले होते. रात्रीचे एक पाजणे तो काढून ठेवलेल्या दुधावर वाटी-चमच्याने स्वतः भागवत होता, तरीही तिची झोप उडाली, म्हणजे प्रकरण घरगुती नाही, असा त्याचा सरळ हिशोब होता. त्या वेळी ती दहा-बारा दिवसांत बाळासह घरी गेली.

सगळे नवरे असे नसतात, हे सांगायला मी हवी असे नाही. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० गर्भवतींची पाहणी करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य आढळले होते. ते जडण्यामागे आणि रेंगाळण्यामागे गरिबीबरोबर नवऱ्याशी बिघडलेले संबंध हे मोठे कारण दिसले. अशी स्त्री नवऱ्यादेखत काही बोलत नाही. म्हणून आम्ही परिचारिका नवऱ्याच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला मेडिकलला पिटाळत असू. तो इंजेक्शन घेऊन येईपर्यंतच्या दहा मिनिटांत तिच्या दंडावरचे वळ दिसत. एकदा मात्र आमचीच चूक झाली. ‘सासू माझे बाळ नणंदेला देणार आहे’ असे एक रुग्ण सांगत होती, आणि आम्ही केसपेपरवर ‘संशय घेते’ असे लिहून मोकळ्या झालो. घरात खरोखरच तशी बोलणी चालू होती आणि नवऱ्याची त्याला संमती होती. आजारी बाईचे खरे बोलणेही लक्षणात जमा होते, याची मला आजही बोच आहे.

पुढे हाच केसपेपर झेरॉक्स होऊन वकिलाकडे जातो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे कारण आहे. परंतु केवळ स्किझोफ्रेनियाचे निदान पुरेसे नाही, आजाराची तीव्रता सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले आहे. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे १९५६ चा पालकत्व कायदा म्हणतो. तिथे तिला अपात्र ठरवण्यासाठी गोळ्यांच्या चिठ्ठ्या पुढे केल्या जातात. खरे तर नियमित घेतलेल्या गोळ्या ती स्वतःला सांभाळते आहे याचाच पुरावा असतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याबाबत बराच स्पष्ट आहे. उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करायचे नाही. तिच्याकडून बाळाला इजेचा धोका असल्यामुळे करावेच लागले तर दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा आणि देखरेखीखाली भेट चालू ठेवायची, असे त्यात लिहिले आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून मायलेकरांसाठी स्वतंत्र कक्ष आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत अशा किती खाटा आहेत, हे आपल्या आरोग्य विभागाने एकदा जाहीर करावे.

माझी दुसरी सूचना बिनखर्चाची आहे. गर्भवतीची नोंदणी करताना मानसिक आजाराची विचारपूस व्हावी, ती तिला एकटीला बसवून व्हावी, आणि तिची संमती असेल तर नवऱ्याला एकदा बोलावून औषधे, झोप आणि धोक्याची लक्षणे समजावल्याची केसपेपरवर नोंद व्हावी. तिची संमती नसेल तर ती का नाही, हेही तिच्याकडून ऐकून घ्यावे. कित्येकदा खरी माहिती तिथेच मिळते.

राहता राहिला रजेचा प्रश्न. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पितृत्वाची पंधरा दिवसांची रजा मिळते. खासगी कंपनीतल्या, त्यातही कंत्राटी माणसाला ती देण्याचे बंधन कोणत्याच कायद्यात नाही. मी वर सांगितलेल्या त्या कॅलेंडरच्या पानावर, झोपेच्या तासांखाली, रोजच्या चौकटीच्या कोपऱ्यात आणखी एक खूण केलेली होती. ते काय, म्हणून मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘सिस्टर, ते माझे खाडे.’

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका, सातारा