पुस्तक-अदलाबदल : येत्या रविवारी

सर्व सभासदांना नमस्कार,

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. विदर्भातल्या मुलांना उन्हामुळे थोडी जास्त सुट्टी. त्याआधी, येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयात जुनी पाठ्यपुस्तके घेऊन यावे. पाने सुटली असतील तर घरीच दाभण-दोऱ्याने शिवून आणा. डिंक पावसाळी हवेत सुटतो. पहिलीची पुस्तके २०२५ मध्ये बदलली, त्यामुळे त्याआधीची आणू नका. एखादे पुस्तक मिळालेच नाही तर बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ मोफत मिळते.

मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांनी जरूर यावे, हे तुमचेही वाचनालय आहे. दहावीला बाहेरून बसायचे असेल तर १७ नंबरच्या फॉर्मची मुदत चुकवू नका. मुदत गेली की मुलाचे वर्ष हकनाक वाया जाते, फार वाईट वाटते. मुक्त विद्यालयाचा पर्यायही आहेच. अनुभवी पालक त्या दिवशी माहिती देतील.

शिक्षक सभासदांना एक विनंती : वर्गात नव्याने आलेल्या मुलांना कोणती पुस्तके कमी पडतात, ते शनिवारपर्यंत कळवा. ती आधी बाजूला काढून ठेवू. नावे सांगायची गरज नाही, इयत्ता आणि माध्यम पुरे.

– वाचनालय समिती