चित्रात सैनिक नाही म्हणून ते युद्धाचं चित्र नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात बेळगावातल्या एका शाळेत चित्रकला स्पर्धा झाली, विषय होता युद्ध. सातवीतल्या एका मुलीनं नुसतं उद्ध्वस्त शेत काढलं, बांध फुटलेले, बोअरचा पाइप वाकडा झालेला, झाडांचे बुंधे तेवढे उभे, माणूस एकही नाही. परीक्षकांनी कागद बाजूला सारला, का तर म्हणे यात जवान कुठाय, रणगाडा कुठाय. मी स्वतः चित्रकला शिकवतो, मला हे फार लागलं. ती मुलगी अगदी बरोबर होती.

पॉल नॅश नावाचा इंग्रज चित्रकार. पहिल्या महायुद्धाआधी हा माणूस झाडं काढायचा, एल्मची रांग, टेकडीवरची राई असलं. १९१७ साली लेफ्टनंट म्हणून बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर गेला, खंदकात पडून बरगडी मोडली म्हणून घरी पाठवला, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या पलटणीतले कितीतरी जण हल्ल्यात गेले. नोव्हेंबरात तो सरकारी युद्धचित्रकार म्हणून परत तिथंच गेला आणि बायकोला लिहिलं की मी आता चित्रकार राहिलो नाही, लढणाऱ्यांचा निरोप्या झालोय.

१९१८ मधलं त्याचं चित्र आहे 'आपण नवं जग घडवतोय', लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये. मोबाईलवर शोधा, मिळतंय. पुढं सगळी उकरलेली माती, ढिगाऱ्याला लागून ढिगारा, पाय टेकायला सपाट जागा नाही. फांद्या तुटलेले बुंधे. मागं तांबडे ढग आणि वर पांढराफटक सूर्य. आम्ही मुलांना शिकवतो की निसर्गचित्रात एक वाट काढा, म्हणजे बघणाऱ्याची नजर त्या वाटेनं आत जाते, मग झाडाखाली सावली, मग डोंगर. नॅशनं ती वाटच काढून टाकली, बारकावे गाळले, तेच ते आकार परत परत मांडले, त्यामुळं नजर कुठंच टेकत नाही. बघून अस्वस्थ व्हायला होतं ते त्यामुळं, रक्ताचा थेंबही दाखवलेला नसताना.

आणि हा चिखल काय नुसता पावसाचा नव्हता. तिथली जमीन चिकणमातीची, पाणी वरच लागतं, पिढ्यान्‌पिढ्या चर खणून लोकांनी शेती राखलेली, तोफगोळ्यांनी ते चर फोडले, त्यात १९१७ च्या ऑगस्टमध्ये धो धो पाऊस, मग माणसं आणि खेचरं त्यात बुडून मेली. आपल्या खानापूरच्या भातकऱ्याला विचारा, निचरा गेला की शेत गेलं हे त्याला सांगावं लागत नाही. त्या चित्रात काय मेलंय ते तो लगेच ओळखेल.

त्यात तेव्हा सेन्सॉर होता. नेव्हिन्सन या चित्रकारानं दोन मेलेले ब्रिटिश सैनिक रंगवले तर त्या चित्रावर बंदी आली. नॅशच्या चित्रात मढं नव्हतं, जमीनच मेलेली होती, ते सुटलं. पुढं 'मेनिन रोड' हे दहा फुटांहून रुंद चित्र केलं त्यात माणसं आहेत, पण इतकी बारीक की शोधावी लागतात.

बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, घराघरात फोटो आहेत, मेडलं आहेत. मराठा पलटणी १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूट गावाच्या वेढ्यात उपाशी अडकल्या होत्या, पण ती जमीन कशी होती हे आपल्या पोरांनी कधी बघितलंय का? आणि निसर्गचित्र तर या गावच्या हातात आहे, चित्रकार के. बी. कुलकर्णी सर इथलेच, चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. उजाड जमीन काढली म्हणून जवानाचा मान कमी होत नाही हो, उलट तो कशात उभा होता ते कळतं.

आपल्याला एकच विनंती, रविवारच्या पुरवणीत नॅशचं ते चित्र छापा. नॅश १९४६ मध्ये वारले, कॉपीराइटची मुदत कधीच संपलीय, हक्काचा प्रश्न यायला नको. पण ब्लॅक अँड व्हाइट नको, ते तांबडे ढग जातील, रंगीत पानावरच जागा द्या.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, शहापूर, बेळगाव