ताईच्या पोराचा पहिला ख्रिस्तप्रसाद

ठाणे, रविवार रात्र

अरे दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस "भाचा कसाय" आणि मी "मजेत" म्हणून कट केला, कारण टीएमटीच्या बसमध्ये लटकत होतो आणि हे लटकत सांगण्यासारखं नव्हतंच. तर ऐक, आज त्याला पहिला ख्रिस्तप्रसाद मिळाला, म्हणजे मिस्सात, आमच्या चर्चमधल्या उपासनेत, फादर आशीर्वाद देऊन देतात ती भाकरीची छोटी चकती. बाकीच्या पोरांना लहानपणीच मिळते, याला चौदाव्या वर्षी!

तुला आठवत असेल, त्याच्या बरोबरीच्या पोरांचं झालं तेव्हा ताईला चर्चमधून सांगितलं होतं, "त्याला समजत नाही ना, मग घाई कशाला." वाईट नाही बोलले, गोडच बोलले, तेच जास्त लागलं. मग मिस्सात तो जरा ओरडला की पुढच्या बाकांवरच्या माना वळायच्या, हळूहळू ताईनेच यायचं बंद केलं, म्हणायची तू जाऊन ये, मी घरी रोझरी, जपमाळेची प्रार्थना, म्हणते.

आता आलेले फादर वेगळे आहेत. ते म्हणाले, अमेरिकेतल्या बिशपांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलंय की ख्रिस्तप्रसाद आणि रोजचं खाणं यातला फरक कळला की झालं, आणि तो तोंडाने सांगायलाच हवा असं नाही, वागण्यातून, खुणेतून, नुसतं शांत राहण्यातूनही दिसतो. मी मनात म्हटलं, फरक? हा पोरगा तलावपाळीवर अनोळखी माणसाच्या प्लेटमधली शेवपुरी उचलतो! घरी सरावाला साध्या, आशीर्वाद न झालेल्या चकत्या दिल्या तर बिस्किटांसारख्या चार खाल्ल्या आणि पाचवीला हात पुढे. ताईचा चेहरा पडला. पण त्याला परत मिस्साला न्यायला लागलो तर पाहिलं, फादरनी ख्रिस्तप्रसाद वर उचलला की याचं डोलणं थांबतं, हात मांडीवर, अगदी गप्प. दर रविवारी. इतकी वर्षं आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही, बोल.

फादरनीच फ्रान्समधल्या एका जोडप्याची गोष्ट सांगितली. दोन्ही पोरं अशीच, बौद्धिक अपंगत्व असलेली, म्हणून लूर्डच्या, तिथल्या मोठ्या तीर्थक्षेत्राच्या, यात्रेत त्यांना कोणी घेईना. शेवटी आपापले गेले तर हॉटेलवाल्याने अट घातली, जेवण खोलीतच करा. त्यातूनच १९७१ च्या ईस्टरला अशा लोकांसाठी लूर्डची मोठी यात्रा निघाली, १५ देशांतून १२ हजार माणसं आली, आणि तिथून फेथ अँड लाइट ही अशा कुटुंबांची चळवळ सुरू झाली. त्यांचे गट महिन्यातून एकदा भेटतात, पोरं, आईबाप, मित्र, प्रार्थना आणि खाणं. ती यात्रा काढणाऱ्या दोघांपैकी जाँ व्हानियेचं नाव घेताना मात्र माझं तोंड कडू होतं, त्याने बायकांचं शोषण केलं हे २०२० मध्ये त्याच्याच लार्श संस्थेने चौकशी करून जाहीर केलं. दुसरी मारी-एलेन माथ्यू, तिचं नाव कोणी घेतच नाही. असो. ताईला यातलं काही नको होतं, ती एकच म्हणाली, "खोलीतच जेवायला सांगितलं?" आणि बराच वेळ बोलली नाही.

आज पंख्यांचा आवाज सहन होईना म्हणून कानावर हेडफोन होते. फादरनी छोटासा तुकडाच दिला, त्याने तो जिभेवर ठेवला, चावला नाही, आणि पुढे हातही केला नाही. ताई रडत होती, मीपण, खोटं कशाला सांगू.

बाहेर पडल्या पडल्या मात्र माझ्या हातातला वडापाव गेला. पुढच्या महिन्यात ये नक्की, आणि जेवायला बसशील तेव्हा त्याच्या शेजारी नको बसू.

तुझाच