पोटगीसाठी लपवाछपवी नको

त्रिमूर्तीनगर, नागपूर

ति. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, घटस्फोटानंतर आता मी नव्या जोडीदाराबरोबर राहायचं ठरवलंय, त्यावर परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "एकत्र राहायचंच असेल तर राहा, पण कुठे बोलू नका, नाहीतर पोटगी जाईल." काळजीपोटीच म्हणालात. पण हे मला जमणार नाही. म्हणून वकीलबाईंकडे बसून सगळं विचारून घेतलं.

माझी पोटगी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली ठरली आहे. पोटगी घेणाऱ्याने पुन्हा लग्न केलं किंवा दुसऱ्याशी शरीरसंबंध ठेवले, तर देणारा न्यायालयात अर्ज करू शकतो. आई, तुला वाचताना अवघड वाटेल, पण कायद्यात हे आहेच, आणि पोटगी घेणारा नवरा असला तरी त्यालाही ते लागू आहे. अर्ज आला की दुसऱ्या दिवशी पैसे बंद, असं मात्र नाही. रक्कम कमी करायची, रद्द करायची की तशीच ठेवायची, हे न्यायालय परिस्थिती बघून ठरवतं. तोवर पोरीच्या बाबांना आपल्या मनाने पैसे थांबवता येत नाहीत.

आई, शेजारच्या काकूंनी तुला 125 कलमाचं सांगितलं, ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं, वेगळं. 1 जुलै 2024 पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालंय. तिथे घटस्फोटित बाईला पुन्हा लग्न करेपर्यंतच पोटगी मागता येते.

तुमच्या नातीचे पैसे हुकूमनाम्यात वेगळे लिहिलेत. तो तिचा हक्क आहे, मी कोणाबरोबर राहते यावरून तो जात नाही. त्यातला एक रुपयाही मी सोडणार नाही.

राहिलं लपवण्याचं. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, देणी शपथेवर सांगायची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवून दिलं. ते प्रकरण आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातूनच वर गेलं होतं. उद्या मला तिथे उभं केलं, तर घरभाडं कोण देतं, या प्रश्नावर मी खोटं बोलू? आणि पोरीला काय सांगू? शाळेत काकांचं नाव काढू नकोस, बाबांकडे गेलीस की घरात आपण दोघीच राहतो असं सांग? आमची भांडणं तिने पुष्कळ ऐकली आहेत. आता माझं खोटं तिला सांभाळायला लावायचं नाही.

म्हणून एकत्र राहायला लागण्याआधीच वकिलामार्फत पोरीच्या बाबांना कळवणार आहे. माझ्या वाट्याचे आठ हजार कमी झाले किंवा बंद झाले तरी चालेल. पगारात ओढाताण होईल, पण निभेल. बाबा, तुमच्याकडे पैसे मागायची वेळ आलीच तर सरळ मागेन.

हुकूमनाम्याची नक्कल वर्ध्याला तुमच्या कपाटात, घराच्या कागदांच्या फाइलमध्ये आहे. वकीलबाईंना ती गुरुवारच्या आत हवी आहे. सगळ्या पानांचे फोटो पाठवा, शिक्क्याचं शेवटचं पानही.

तुमची,
ताई