समान म्हणजे काय?

मांद्रे, पेडणे
२० ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळून पंधरा दिवस झाले. उत्तर लांबलं, कारण चतुर्थीचे पाहुणे गेले आणि लगेच भाटात (माडांच्या बागेत) नारळ पाडायला माणसं आली. आज सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेला, चहा झाला, आता निवांत बसलोय.

तू विचारलंयस, कॅरव्हॅनला, म्हणजे ओढून न्यायच्या त्या चाकांवरच्या घराला, उभी असताना सपाट ठेवायला ऑटोमॅटिक जॅक लावू का हाताने फिरवायचेच बरे. लाव. पण बटण दाबलं की काम झालं असं समजून लावू नकोस. मी तेच समजलो होतो आणि चार महिने तिरका झोपलो.

फेब्रुवारीत ही सेकंडहँड गाडी माडांखाली आणून लावली. जॅक आधीच एका वर्कशॉपमधून बसवून घेतले होते. चार कोपऱ्यांना चार पाय, ओढायच्या पुढच्या दांड्याखाली पाचवा, आत एक पॅनेल. बटण दाबलं की घूं घूं करत पाय उतरतात, गाडी थोडी डावीकडे, थोडी पुढे हलते आणि हिरवा दिवा लागतो. वाड्यावरची पोरं तमाशा बघावा तशी बघत उभी होती. मीही त्यांच्यातलाच.

दुसऱ्या दिवशी बायकोने घावन घातलं. पीठ सगळं तव्याच्या एका कडेला. ती म्हणाली, शेगडी वाकडी. शेगडीखाली पुठ्ठा घातला. मग बेसिनमध्ये पाणी कोपऱ्यात साचायला लागलं, तर म्हटलं बेसिन वाकडं. नहाणीत पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे यायला लागलं, तर म्हटलं फरशीच नीट बसवलेली नाही. हिरवा दिवा लागलेला होता ना, त्यामुळे दोष मशीनचा सोडून सगळ्यांचा.

मग फ्रिज गार होईना. माझा फ्रिज गॅसवर चालणारा, कॉम्प्रेसर नसलेला. १९२२ साली स्वीडनमध्ये बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेला हा प्रकार. आत फिरणारा एकही भाग नाही. अमोनिया तापून वर जातो, थंड होऊन द्रव होतो आणि नुसत्या उतारावरून खाली येतो. फ्रिज कलता राहिला की द्रव नळीत नको तिथे साचतो आणि फेरा अडतो. रस्त्यावर चालतं, कारण हिंदकळून सगळं जागेवर येतं. उभ्या गाडीत रात्रंदिवस एकाच बाजूला कल असला की फ्रिज हळूहळू बाद होतो. तू कॉम्प्रेसरवाला घेतलास तर ही कटकट बरीच कमी.

आता वाड्यावरच्या म्हाताऱ्या मेस्तांचं, म्हणजे गवंड्यांचं, सांगतो. आमच्या घराची भिंत त्यांनीच बांधलेली, चिरा चिऱ्यावर असा की सांध्यात नख जाणार नाही. कुंपणाच्या कामाला आले होते. माझं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, पॅनेलकडे बघितलं आणि विचारलं, "ह्या मशिनाक समान म्हणजे कितें तें कोणे सांगलां?" म्हणजे, सपाट कशाला म्हणायचं ते या मशीनला कोणी सांगितलं?

बाळ्या, आपण दोघं होस्टेलमध्ये सर्वेइंगच्या जर्नलवर सह्या घेत हिंडायचो, पण हा प्रश्न मला सुचला नाही.

मेस्तांनी पिशवीतून आपली पारदर्शक नळी काढली. पाणी भरलं, उंच धरून बुडबुडे घालवले, एक टोक मला दारापाशी धरायला दिलं आणि दुसरं घेऊन ते फ्रिजकडे गेले. नळीत दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं, तिथून खाली जमिनीपर्यंत मोजायचं. दोन मीटर रुंदीत साडेतीन सेंटिमीटरचा फरक. म्हणजे बरोबर एक अंश. हिरवा दिवा जळतोच आहे!

कारण नंतर कळलं. या यंत्रणेत एक सेन्सर असतो, तो गुरुत्वाची दिशा ओळखतो. पण गाडीच्या तळाला तो किती सरळ चिकटलाय हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून बसवल्यावर एकदा गाडी हाताने बरोबर समान करून "हा शून्य" असं त्याच्या डोक्यात भरावं लागतं. वर्कशॉपवाल्यांनी ते आपल्या आवारात नुसत्या अंदाजाने भरलं होतं, आणि पावसाचं पाणी जावं म्हणून त्या आवाराला उतार होता. मशीन बिचारं दर वेळी इमानदारीने तोच उतार परत आणून देत होतं. भांडायला फोन केला, तर म्हणाले, गाडी घेऊन या. मी गेलो नाही.

शून्य मीच पुन्हा भरला. त्यात एक दिवस गेला, पण ते तू स्वतःच कर, दुसऱ्यावर सोडू नकोस. आधी ठरव, समान कुठे हवं. नहाणीच्या फरशीला मुद्दाम उतार असतो, ती धरायची नाही. मी फ्रिजसमोरची जमीन धरली. मोबाइलवरची पाणसळ (सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी) वापरू नकोस, मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, फोन टेबलावरसुद्धा सरळ बसत नाही. खरी पाणसळ घे, आणि तीही तपास: बुडबुडा बघायचा, मग पाणसळ त्याच जागी उलट टोकाने फिरवायची. बुडबुडा जमिनीच्या त्याच बाजूला गेला तर जमीन कलती आहे, पाणसळीच्या त्याच टोकाला राहिला तर पाणसळच खोटी आहे. माझी खोटी निघाली. मेस्त हसले नाहीत, एवढा मोठा माणूस.

समान झाली म्हणजे गाडी पक्की झाली असं नाही, हा दुसरा धडा. पोरगा आत उड्या मारायचा आणि माझा चहा सांडायचा. कारण वजन टायर आणि कमानपाट्यांवर, ते लवणारच. तुमच्या मळ्यातली बैलगाडी आठव. बैल सोडले की पुढे शिपाई, म्हणजे लाकडी टेकू, लावायचा. शिपाई गाडी पडू देत नाही, पण मागे कोणी चढला की ती डुगडुगतेच. कोपऱ्यातले पाय ते डुगडुगणं थांबवायला असतात. साधे हाताने फिरवायचे जे असतात ते तर फक्त त्यासाठीच. त्यांनी गाडी उचलायला गेलास तर पाय वाकेल, नाहीतर चासी, म्हणजे खालचा सांगाडा, पिळवटेल. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, कारण तीन टोकं कशीही बसतात. चौथा पाय आला की तो एकतर लोंबकळतो नाहीतर पिळतो. पिळलं की पहिलं लक्षण म्हणजे दार अडकायला लागतं. मशीन हे सांभाळतं: आधी पुढे-मागे, मग डावं-उजवं, आणि शेवटी उरलेले पाय नुसते टेकवायचे. जमीन लागली की मोटरला जोर पडतो, करंट वाढतो, त्यावरून त्याला टेकल्याचं कळतं. हे मात्र हाताने इतकं नीट जमत नाही, त्याला मी मानलं.

पण जमीन कडक हवी. समुद्राजवळच्या पुळणीत एकदा लावून बघितली, तर पाय वाळूत जातोय जातोय, करंट काही वाढत नाही, शेवटी पायाची लांबीच संपली आणि पॅनेल लाल. पावसाळ्यात भाटातही तेच झालं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. जुलैत एका रात्री कोपरा एवढा खचला की उशीवरून डोकं घसरलं. मी अंधारात बटण दाबलं, तर बॅटरीच उतरलेली. मोटरी एका वेळी पुष्कळ करंट खेचतात, व्होल्टेज कमी पडलं की मशीन कामालाच हात लावत नाही. सकाळपर्यंत बसून राहिलो. तेव्हापासून चार्जर लावल्याशिवाय बटणाला हात नाही.

हिशेब सोपा आहे. एका पायावर ४०० किलो धर. पायाची थाळी १५ बाय १५ सेंटिमीटर म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर, प्रत्येकावर पावणेदोन किलोहून जास्त भार. खाली ३० बाय ३० ची जाड फळी ठेवलीस की तो भार चौथ्या हिश्श्यावर, साधारण ०.४४ किलोवर येतो. मी आधी चिरे ठेवले होते. मेस्त म्हणाले, चिरा भिंतीत शहाणा, एकट्याने भार घ्यायला येडा. खरंच, दोन महिन्यांत भिजून एक चिरा कोपऱ्यातून फुटला. आता फणसाच्या फळ्या आहेत, दोन थर, एकावर एक आडव्या-उभ्या.

एक राहिलंच. गाडी फार कलती असेल तर आधी खालच्या बाजूच्या चाकाखाली फळी घालून ती चढव, मग दोन्ही बाजूंना ठोकळे लाव, मगच दांडा सोड. सगळी उंची जॅकने काढायला गेलास आणि चाकं जमिनीवरून सुटली, की ब्रेक आणि ठोकळे दोन्ही फुकट. गाडी चार खांबांवर उभी राहते, ढकलली की कुठे जाईल सांगता येत नाही.

डिसेंबरात येताय ना? आंबोलीवरून या, सावंतवाडी, बांदा, मग पत्रादेवी. गाडी तुमच्यासाठी ठेवतो, आम्ही घरात. वहिनींना सांग, घावन आता तव्यावर गोल होतं. तुझी गाडी येईल तेव्हा शून्य भरायला मी कोल्हापुरात येतो, मेस्तांची नळी अजून माझ्याकडेच आहे. आणि येताना चार किलो गूळ आण, इथला आईला आवडत नाही.

तुझा,
नंदू